साहेबाची पेटी

वाई गाव तुम्हांला माहीत आहे. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, मागे पांडवगड. बाजाराला म्हणा, देवदर्शनाला म्हणा, तुमच्यापैकी पुष्कळ जण तिथे जाऊन आले असतील.

याच वाईत १६५९ साली अफजलखान मोठी फौज घेऊन उतरला होता. तो विजापूरच्या बादशहाचा सरदार. वाई त्याला नवी नव्हती. पूर्वी तो इथलाच सुभेदार होता. वाईहून तो डोंगर चढून जावळीच्या रानात गेला. प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांची आणि त्याची भेट झाली. तो दिवस होता १० नोव्हेंबर १६५९. पुढे काय झाले ते तुम्ही पोवाड्यात ऐकले आहे. मी ते पुन्हा सांगत नाही.

या धड्यात त्या लढाईची गोष्ट नाही. एका हत्याराची, एका पेटीची आणि एका गोऱ्या साहेबाची गोष्ट आहे. पण सुरुवात एका आजींपासून करतो.

२०२४ सालच्या जुलै महिन्यात साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वाघनखे आली. वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्या वस्तू जपून ठेवण्याचे घर. ही वाघनखे लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयातून तीन वर्षांच्या बोलीने आणली होती. आधी सातारा, मग नागपूर, असा त्यांचा मुक्काम ठरला. १९ जुलैला प्रदर्शन उघडले आणि लोकांची रीघ लागली. एस. टी. भरभरून माणसे आली. आम्हीही गेलो. आमच्याबरोबर वाईकडच्या एका खेड्यातल्या आजी होत्या. नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. त्यामुळे वाटेत दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायच्या. दुकानाची पाटी, एस. टी.ची पाटी, ‘थुंकू नये’ची पाटी, काही सोडायच्या नाहीत.

काचेच्या कपाटात वाघनखे होती. आजींनी हात जोडले. एक पोलादी पट्टी, बोटे अडकवायला अंगठ्या, आणि खाली वाकड्या नख्या. मूठ मिटली की नख्या तळहातात लपतात. आजी पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, “मास्तर, ही खरंच महाराजांचीच का?”

मागे रांग होती. मी म्हटले, “चला, बाहेर गेल्यावर सांगतो.” बाहेर झाडाखाली बसून जे सांगितले, तेच इथे जरा नीट लिहिले आहे.

ही वाघनखे लंडनला कशी गेली? ती नेली जेम्स ग्रँट नावाच्या साहेबाने.

हा ग्रँट स्कॉटलंडचा. इंग्लंडच्या उत्तरेला हा मुलूख आहे, डोंगराळ आणि थंड. तिथल्या बँफ नावाच्या गावी १७८९ साली त्याचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले. आईने त्याला शिकवले. सोळा वर्षांचा झाल्यावर पोटापाण्यासाठी तो कंपनी सरकारच्या फौजेत शिरला आणि जहाजात बसून मुंबईला आला. मुंबईच्या पलटणीत तो अंमलदार झाला. काठेवाडात लढाईवर गेला. फारशी भाषा शिकला आणि पलटणीचा दुभाष्या झाला. हुशारी पाहून पुण्याच्या एल्फिन्स्टन साहेबाने त्याला हाताखाली घेतले.

१८१८ साली पेशवाई बुडाली. सातारच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने बसवले, आणि त्यांच्यापाशी आपला एक साहेब ठेवला. अशा साहेबाला रेसिडेंट म्हणत. नाव राजाचे, चालवणार साहेब, असा तो कारभार. तो रेसिडेंट म्हणजे हा ग्रँट. त्या वेळी त्याचे वय तिशीच्या आतच होते. आपल्याकडे या वयाच्या मुलाला घरचे लोक बैल विकायलाही एकटे पाठवत नाहीत. याच्या हातात आख्खे राज्य आले. चार वर्षांनी, १८२२ साली, त्याने कारभार महाराजांच्या हाती दिला, आणि प्रकृती बिघडली म्हणून तो मायदेशी परत गेला.

साताऱ्यात असताना ग्रँटने एक काम केले. त्याने कागद गोळा केले. मराठ्यांचा इतिहास लिहायचा असे त्याच्या मनाने घेतले होते. पुण्यात पेशव्यांचे दप्तर कंपनी सरकारच्या ताब्यात आलेच होते. सातारच्या महाराजांनी आपल्याकडचे कागद दाखवले. देशमुख, इनामदार, मठ, देवस्थाने, जुनी घराणी, सगळीकडून त्याने बखरी, सनदा, पत्रे मिळवली. दिवसा कचेरी आणि त्यातून वेळ काढून हे वाचन. त्याचे डोके फार दुखे. डोक्याला ओले फडके बांधून तो लिहीत बसे. घरी परत गेल्यावर पुस्तक पुरे केले. १८२६ साली त्याचे तीन भाग लंडनला छापून निघाले. मराठ्यांचा इतिहास सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जागी सांगणारे इतके मोठे पुस्तक त्या आधी झाले नव्हते. डेव्हिड केपन नावाच्या दुसऱ्या एका कप्तानाने १८३० च्या सुमारास त्याचे मराठी केले. ते आपल्याकडे शाळेतही शिकवत.

साहेबाला नावे ठेवणे सोपे आहे. पण हे कष्ट त्याने केले, हे कबूल केले पाहिजे.

आता पेटीकडे वळू.

ग्रँटने वाघनखे घरी नेली. स्कॉटलंडात त्यांच्यासाठी एक पेटी बनवली गेली, मापात बसणारी. पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे. त्याचा अर्थ असा : ‘ज्या वाघनखाने शिवाजीने मोगल सेनापतीला मारले ते हे वाघनख. ईडनचे जेम्स ग्रँट डफ हे साताऱ्यास रेसिडेंट असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानाने ही वस्तू त्यांना दिली.’

वाचले की वाटते, झाले! पेटीवर लिहिलेच आहे, आता काय शंका? पुढे साहेबाच्या नातवाने ही पेटी वाघनखांसह लंडनच्या संग्रहालयाला दिली. मजकूर पेटीबरोबर गेला.

पण थांबा. आपण वाचायला शिकलो आहोत, तर नीट वाचू. बाजारात कापड घेताना ते आपण उजेडात धरून बघतो ना? तसा हा मजकूर उजेडात धरू.

पहिला शब्द घ्या, ‘मोगल सेनापती’. अफजलखान मोगल होता का? मोगल बादशहा दिल्ली-आग्र्याचा. अफजलखान विजापूरच्या आदिलशहाचा चाकर. दोन्ही राज्ये निराळी, आणि एकमेकांशी भांडणारी. म्हणजे पहिली चूक इथेच झाली.

दुसरे, ‘पेशव्याचा पंतप्रधान’. अहो, पेशवा म्हणजेच पंतप्रधान! राजा छत्रपती, आणि त्यांचा पंतप्रधान तो पेशवा. मग पेशव्याचा पंतप्रधान हा कोण? लिहिणाऱ्याला पेशव्याचा कारभारी म्हणायचे असेल. की पेशव्यानेच दिले असे म्हणायचे होते? मजकुरावरून कळत नाही. आणि दुसरा बाजीराव पेशवा १८१८ च्या जून महिन्यात शरण गेला, तो ग्रँटला नव्हे. तो गेला माल्कम साहेबाला, दूर उत्तरेला असीरगडाच्या बाजूला. तिथून त्याची रवानगी गंगेकाठी ब्रह्मावर्ताला झाली. ग्रँट त्या वेळी साताऱ्यात होता. मग कुणी दिले, कुठे दिले? देणाऱ्याचे नाव पेटीवर नाही.

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. ‘ईडनचे जेम्स ग्रँट डफ’. साताऱ्यात होता तेव्हा हा साहेब नुसता ग्रँट होता. डफ हे नाव आणि ईडन नावाची जमीन त्याला परत गेल्यावर मिळाली, १८२५ च्या सुमारास. जमिनीबरोबर त्या घराण्याचे नाव लावायचे असा करार होता. आपल्याकडे दत्तक गेल्यावर आडनाव बदलते ना, तसेच समजा. म्हणजे पेटीवरचा मजकूर साताऱ्यात लिहिलेला नाही. वाघनखे हाती आली त्या दिवशीही लिहिलेला नाही. निदान काही वर्षांनंतरचा आहे. कदाचित पुष्कळ वर्षांनंतरचा.

बघा, तारीख लिहिलेली नसताना आपण नावावरून काळ काढला! गावचा तलाठी उताऱ्यावरचे नाव बघून कुठला फेरफार कधीचा ते सांगतो. ही विद्या तीच आहे.

हे सगळे ऐकून आजी गप्प झाल्या. मग जरा रागानेच म्हणाल्या, “म्हणजे खोटी आहेत म्हणा की! मग एवढी माणसं रांगेत कशाला उभी राहिली?”

नाही आजी, तसे नाही. पेटीवरचा मजकूर कच्चा आहे, म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. सातबारावर नाव चुकले म्हणून जमीन नाहीशी होते का? वाघनखे जुनी आहेत. ती ग्रँटकडून आली, हेही ठीक. पण १६५९ साली प्रतापगडाखाली जी होती ती हीच, हे कशावरून? ग्रँटच्या हाती येईपर्यंत मध्ये सुमारे १६० वर्षे जातात. त्या १६० वर्षांत ती कुणाच्या घरी होती, कुणी कुणाला दिली, याचा कागद नाही. लंडनच्या संग्रहालयानेही स्वच्छ सांगितले आहे की, ही महाराजांनी वापरलेलीच वाघनखे आहेत याची खात्री करता आलेली नाही. २०२३ आणि २०२४ साली आपल्याकडे यावरून बराच वाद झाला. काही लोकांना राग आला. मला वाटते, ज्याने खरे ते सांगितले त्याच्यावर रागावू नये.

आजी म्हणाल्या, “मी हात जोडले ते महाराजांना. लोखंडाला नाही जोडले.” यावर मी काय बोलणार?

आता जरा कागदाकडे येऊ. अफजलखान मोगल नव्हता, विजापूरचा होता, हे आपण कशावरून म्हणतो? पोवाड्यावरून? पोवाडा पुरावा म्हणून थोडा लंगडा पडतो. याला पक्के कागद आहेत. ते कुठे राहिले माहीत आहे? एका खेड्यात.

वाईच्या उत्तरेला मांढरदेवीचा डोंगर आहे. डोंगरापलीकडे भोरचा मुलूख. तिथे कारी नावाचे गाव आहे. कारीचे जेधे हे देशमुख घराणे. त्या घराण्यातले कान्होजी जेधे हे अफजलखानाच्या वेळी विजापूरच्या बादशहाचे वतनदार होते. १६ जून १६५९ या तारखेचे बादशहाचे फर्मान कान्होजींच्या नावे आले. फर्मान म्हणजे बादशहाचा लेखी हुकूम. त्यात लिहिले होते की, शिवाजीने दंगा मांडला आहे, त्याच्यावर अफजलखानाला पाठवले आहे, तुम्ही खानाला सामील व्हा, न व्हाल तर परिणाम वाईट होतील. कान्होजी ते फर्मान आणि आपले पाच मुलगे घेऊन थेट महाराजांकडे गेले. वतन जाईल, जीव जाईल, अशी वेळ होती. त्यांनी वतनावर पाणी सोडले आणि महाराजांच्या बाजूला उभे राहिले.

जेध्यांच्या घरात कागद राहिले. पिढ्यान् पिढ्या राहिले. त्यांतच एक जुनी शकावली होती. शकावली म्हणजे कुठल्या वर्षी काय घडले याची ओळीने टाचणे. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती १९१६ साली छापली. शिवाजी महाराजांच्या काळातल्या किती तरी तारखा त्या शकावलीने पक्क्या झाल्या.

म्हणजे पाहा. एका बाजूला विलायती पेटी, त्यावर साहेबाच्या घरचा मजकूर, लंडनचे संग्रहालय. दुसऱ्या बाजूला डोंगरातल्या खेड्यातले रुमालात बांधलेले कागद. आणि पेटीवरची चूक दुरुस्त करायला कुणाचा आधार? खेड्यातल्या कागदाचा.

ग्रँटचे पुस्तकही असेच तपासले गेले. प्रतापगडच्या भेटीत दगा महाराजांनी केला, असे त्याने लिहिले होते. पुस्तक साहेबाचे, छापलेले, शाळेत शिकवलेले. पुष्कळ वर्षे कुणी तोंड उघडले नाही. १८६७ साली पुण्यात नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या तरुणाने उभे राहून या पुस्तकावर निबंध वाचला. साहेब इथे चुकला, तिथे त्याने कागद नीट पाहिले नाहीत, असे त्याने सांगितले. त्या वेळच्या मानाने ही छातीची गोष्ट होती. मग लोक विचारू लागले, साहेबाने पाहिलेले कागद कुठे आहेत? ग्रँटने पुस्तकात म्हटले होते की, नकला करून मुंबईच्या विद्वानांच्या मंडळीकडे ठेवल्या आहेत. शोधणाऱ्यांना त्या सापडल्या नाहीत. तेव्हापासून एक बोलवा उठली की साहेबाने कागद जाळले. याला पुरावा मला कुठे मिळाला नाही. बोलवेला कागद नसतो.

पण या वादातून एक चांगले निघाले. आपल्या घरचे कागद आपणच शोधले पाहिजेत, हे लोकांना पटले. आणि इथे पुन्हा वाई येते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या हाती वाईतल्या एका घरचे जुने दप्तर आले. त्यात पानिपतच्या लढाईच्या वेळची पत्रे निघाली. लढाईवर गेलेल्या माणसांनी त्या वेळी लिहिलेली पत्रे! ती त्यांनी १८९८ साली छापली. राजवाडे पुढे आयुष्यभर गावोगाव पायपीट करून कागद मिळवत राहिले. वाईजवळ कृष्णेकाठी मेणवली आहे. तिथल्या वाड्यात नाना फडणिसांचे दप्तर होते. ते दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी उजेडात आणले. त्यांनी साताऱ्याला संग्रहालय काढले. तो संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

वाचले ते असे वाचले. जे गेले त्याचा हिशेब कोण देणार? माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या माळ्यावर कागदांचे एक बोचके होते. मोडी अक्षर. घरात कुणाला मोडी येत नव्हती. एका पावसाळ्यात सरपण ओले झाले, आणि आईने ते बोचके चार दिवस पाण्याच्या बंबाला घातले. पाणी चांगले तापले, असे ती पुढे सांगायची. तिला अक्षर येत नव्हते. तिच्या लेखी तो कागद आणि दुकानाच्या पुडीचा कागद एकच. मी तिला दोष देत नाही. मी त्या वेळी शाळेत जात होतो, मला वाचता येत होते, आणि मीही एकदाही ते सोडून पाहिले नाही.

तेव्हा तुमच्या घरात काय आहे ते एकदा बघा. माळा बघा, देवघरामागचा कोनाडा बघा, आजीची पत्र्याची पेटी बघा. जुना कागद निघाला तर त्याची घडी जोराने उलगडू नका, मोडते. चिकटपट्टी लावू नका. प्लॅस्टिकमध्ये पक्का बंद करून घेऊ नका, मग तो पुन्हा सुटत नाही. धुतलेल्या सुती फडक्यात सैल बांधा आणि कोरड्या जागी, वाळवीपासून लांब ठेवा. चुलीच्या वर नको. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करत आले आहे. विचारायला संकोच करू नका, तिथे कारीच्या देशमुखांसारख्या किती तरी घरांचे कागद गेले आहेत.

तलवार, कट्यार, भाल्याचे पाते निघाले तर विटकरीने घासू नका. घासले की त्यावरची अक्षरे जातात, आणि अक्षरे गेली की ते नुसते लोखंड. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे बोट फिरवा, बास. हत्यार घरात ठेवण्याला कायदा आहे, म्हणून गावच्या पोलीस पाटलाला विचारून घ्यावे. आणि कुणी शहरी माणूस मोटारीतून येऊन हजार-दोन हजार देतो म्हणाला, तर लगेच हो म्हणू नका. १९७२ सालच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू परदेशी नेणे गुन्हा आहे. ग्रँटच्या काळी असा कायदा नव्हता. पेटी बनवली, जहाजात घातली, गेली.

सातारा जिल्ह्यात तर आणखी एक गोष्ट घरोघर सापडते, ती म्हणजे पलटणीचे बिल्ले. आपल्या इकडची किती माणसे १९१४ च्या महायुद्धात गेली! अपशिंग्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात ते उगीच नाही. त्या लढाईचा एक चांदीचा बिल्ला असतो. एका बाजूला बादशहाचे तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस. चांदीचा, म्हणून पुष्कळ सोनाराच्या मुशीत गेले. असा बिल्ला घरात असेल तर त्याची कड बघा. पैशाची कड बघतो तशी. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे ठोकलेली असतात. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. इंग्रजी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला वाचायला सांगा.

ही शेवटची गोष्ट मी साताऱ्यात झाडाखालीच सांगितली होती. आजी काही बोलल्या नाहीत. एस. टी.त बसल्या, वाईला उतरल्या, गावाकडे गेल्या. आठ दिवसांनी वर्गाला आल्या तेव्हा कनवटीला एक पुरचुंडी होती. सोडली, तर आत बिल्ला. काळा पडलेला.

“आजेसासऱ्यांचा आहे,” म्हणाल्या. “दसऱ्याला पूजेत ठेवायचो. कडेला अक्षरं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. नातवानं वाचून दाखवलं. मास्तर, त्यांचं नाव आहे हो त्याच्यावर! आमच्या घरात त्यांचा फोटो नाही, काही नाही. मला वाटायचं, नाव आमच्या तोंडातच तेवढं राहिलंय.”

मग त्यांनी विचारले, “मी पण एक चिठ्ठी लिहून ठेवू का याच्याबरोबर? त्या साहेबाच्या पेटीसारखी?”

मी म्हटले, “लिहा. पण साहेबापेक्षा नीट लिहा. कुणाचं, कुठून आलं, तुम्हांला कुणी सांगितलं, आणि लिहिलं कधी. जे माहीत नाही ते लिहू नका.”

त्यांना पाऊण तास लागला. दोन कागद फाडले. तिसऱ्या कागदावर जमले. मी फक्त एक वेलांटी दुरुस्त केली. नाव आणि तारीख इथे गाळली आहे, बाकी चिठ्ठी जशीच्या तशी देतो :

‘हा बिल्ला माझ्या आजेसासऱ्यांचा. ते १९१४ च्या लढाईला गेले होते. त्यांचं नाव कडेवर आहे. ते माझ्या नातवानं वाचलं. मी त्यांना पाहिलं नाही. माझं लग्न झालं तेव्हा ते नव्हते. बिल्ला त्यांचा हे मला सासूबाईंनी सांगितलं. ते कुठल्या गावी लढले ते सासूबाईंना माहीत नव्हतं. हे मी माझ्या हातानं लिहिलं.’